कॅराओकेच्या खोलीत सापडलेली पट्टी

माझी गाण्याची पट्टी कोणती, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी टोकियोतल्या एका कॅराओकेच्या खोलीत, तेथील यंत्राच्या एका बटणाने सांगितले. त्याआधी मलाही एखादी पट्टी असू शकते, असे कोणी कधी म्हटले नव्हते. शाळेत समूहगीताच्या तालमीला बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभे केले होते आणि ‘तू नुसते ओठ हलव’ अशी सूचना दिली होती. ती मी इतक्या निष्ठेने पाळली की पुढची पंचवीस वर्षे गणपतीची आरती सोडली तर माझा आवाज चारचौघांत कोठेही बाहेर पडला नाही. आरतीची गोष्टच वेगळी असते. तेथे झांजा वाजत असतात, टाळ्या पडत असतात आणि कोणी कोणाची पट्टी विचारत नाही.

नोकरीमुळे टोकियोत आलो आणि आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींप्रमाणे निशी-कासाई भागात बिऱ्हाड केले. कचेरीतले काम, भाषा, लोकलची गर्दी या सगळ्याची सवय वर्षभरात झाली. सवय झाली नाही ती डिसेंबरातल्या ‘बोनेनकाई’ची, म्हणजे सरते वर्ष विसरण्यासाठी होणाऱ्या कचेरीच्या मेजवानीची. मेजवानी तशी निभावते, कारण जेवणाऱ्या माणसाला कोणी फार बोलायला लावत नाही. खरी अडचण त्यानंतरच्या दुसऱ्या बैठकीची. तिला ‘निजिकाई’ म्हणतात आणि ती बहुधा कॅराओकेच्या दुकानात भरते. पुण्या-मुंबईकडे कॅराओके म्हटले की सभागृह, मंच, ट्रॅकवर गाणारे हौशी गायक आणि समोर बसलेले श्रोते डोळ्यांपुढे येतात. जपानात तसे काही नसते. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारे आणि प्रत्येक दाराआड आठ-दहा माणसे दाटीने बसतील एवढी खोली. एक पडदा, दोन ध्वनिक्षेपक, एक खुळखुळणारी डफली आणि भिंतीवर एक दूरध्वनी. या खोल्यांची सुरुवात १९८५ साली ओकायामा प्रांतात मालवाहू कंटेनरातून झाली असे सांगतात, आणि आत बसल्यावर त्यावर सहज विश्वास बसतो.

माझ्या पहिल्या निजिकाईत विभागप्रमुखांनी मोठ्या अगत्याने गाणी निवडायचे यंत्र माझ्यापुढे सरकवले. ‘नाही’ म्हणायला मला जमले नाही. दूरचित्रवाणीवर ऐकून ओळखीचे झालेले एकच गाणे मला आठवत होते, ते म्हणजे रेमिओरोमेन या तिघांच्या वाद्यवृंदाचे २००५ सालचे ‘कोनायुकी’. कोनायुकी म्हणजे पिठासारखा भुरभुरणारा बर्फ. गाण्याची सुरुवात हळुवार, जवळजवळ बोलल्यासारखी आहे, म्हणून मला ते सोपे वाटले. पहिले कडवे खरोखरच नीट गेले. कोणीतरी माना डोलावल्या आणि मी थोडा सैलावलो. मग ध्रुवपद आले. या ध्रुवपदात गाण्याचे नावच एकदम वरच्या सुरात, लांबवर ताणून म्हणायचे असते. मी तोंड उघडले आणि आतून जो आवाज आला, तो गळपट्टा अडकलेल्या कुत्र्याच्या आवाजाशी अधिक मिळताजुळता होता. तेवढ्यावर संपले असते तरी चालले असते, पण ध्रुवपद परत परत येते आणि पडद्यावरची अक्षरे कोणाचीही दयामाया न करता पुढे सरकत राहतात. शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवल्या. जपानात सर्वांसाठीच टाळ्या वाजवतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मला तो उपहास वाटला आणि शेवटची गाडी गाठायची आहे असे सांगून मी तासभर आधीच निघालो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मेजावरच्या सहकाऱ्याने, जो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि स्वभावाने मोकळा आहे, चहाच्या सुट्टीत मला एक गोष्ट सांगितली. मी निवडलेले गाणे चांगले गाणारेही सहसा घेत नाहीत, किंवा मुद्दाम फजिती करून घ्यायची असेल तरच घेतात. त्याचे कडवे खाली आणि ध्रुवपद फार वर असल्यामुळे ते माणसाला फसवते. मी म्हटले, ‘पण गाणे खालच्या पट्टीत लावता येते ना?’ तो हसला आणि म्हणाला, ‘लावता येते. मग कडवे तळघरात जाते.’ त्या एका वाक्यात मला पुढे सहा महिने उपयोगी पडलेली गोष्ट होती. गाणे किती उंच आहे याइतकेच त्याचा पल्ला केवढा आहे, म्हणजे त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर यांत किती अंतर आहे, हे महत्त्वाचे असते. पट्टी बटणाने बदलते, पल्ला बदलत नाही. माझ्यासारख्या माणसाने आधी पल्ला पाहावा, मग पट्टी, आणि गाणे आवडते की नाही हे सर्वांत शेवटी.

त्यानेच मला एकट्याने कॅराओकेला जाण्याचा सल्ला दिला. मला ते दयनीय वाटले, पण जपानात त्यासाठी ‘हितोकारा’ असा रूढ शब्दच आहे; ‘हितोरी’ म्हणजे एकटा आणि ‘कारा’ हा कॅराओकेचा तुकडा. ज्या गोष्टीला नाव आहे ती करणारे बरेच असणार, अशी मनाची समजूत घालून मी एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास स्थानकाजवळच्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या मुलीने किती जण, किती वेळ आणि कोणते यंत्र एवढेच विचारले. यंत्रे मुख्यतः दोन कंपन्यांची असतात, ‘डॅम’ आणि ‘जॉयसाउंड’. मला फरक ठाऊक नसल्याने मी पहिले नाव घेतले. सकाळची वेळ स्वस्त असते. दोन तासांचे आणि हवे तितके पेय घेण्याचे मिळून मला हजार येनही पडले नाहीत. बोळातून जाताना एका दाराआडून कोणी आजोबा फार सुरेल गात होते. दुसऱ्या दारामागे एक तरुण एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होता, आणि ती दर वेळी त्याच ठिकाणी तुटत होती. मला एकदम हायसे वाटले.

पहिली वीस मिनिटे मी काहीच गायलो नाही. ‘देनमोकु’ नावाची ती पाटीएवढी चपटी वस्तू हाताळत बसलो. तिच्यावर गायक, नाव, वर्ष, एवढेच काय तर नावातली पहिली अक्षरे देऊनही गाणे शोधता येते. मला जी हवी होती ती बटणे एका कोपऱ्यात होती. एका बटणाने गाण्याची पट्टी एकेका पायरीने वर जाते, दुसऱ्याने खाली येते आणि तिसऱ्याने मूळ पट्टीवर परतते. एक पायरी म्हणजे आपल्या पेटीवरची लगतची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. लहानपणी घरात पेटी होती आणि आत्या तिच्यावर गात असे. ‘मी काळी दोनमध्ये गाते’ हे तिचे वाक्य मला केवळ एखाद्या जातकुळीसारखे वाटायचे. त्या शनिवारी त्याचा अर्थ पहिल्यांदा उमगला. मी गाणाऱ्याच्या पट्टीत जायचे नसते, गाण्याने माझ्या पट्टीत यायचे असते.

कॅराओकेचा जन्मच मुळी अशा गरजेतून झाला, हे मला नंतर वाचनात आले. कोबे शहरात मद्यालयांतल्या गिऱ्हाइकांना वाद्याची साथ करणारे इनोउए दाइसुके यांच्याकडे एका छोट्या कंपनीचा मालक आला. त्याला गिऱ्हाइकांसोबत गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जायचे होते आणि तेथे गाण्याचा प्रसंग येणार होता. त्याचा आवाज बेताचा असल्यामुळे तो सांभाळून घेणारी इनोउए यांचीच साथ त्याला हवी होती. इनोउए यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी त्याच्या बेताने वाजवलेली साथ ध्वनिफितीवर भरून दिली. त्या कल्पनेतून १९७१ साली नाणे टाकून चालणारे यंत्र तयार झाले. त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, मात्र त्यांनी घेतले नाही. ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे लघुरूप. गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद, असा त्या नावाचा अर्थ. २००४ साली इनोउए यांना हसवून विचार करायला लावणाऱ्या ‘इग नोबेल’ पारितोषिकांपैकी शांततेचे पारितोषिक मिळाले, ते माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवणारी नवी रीत शोधल्याबद्दल. माझ्या कोनायुकीनंतर मला त्यातला विनोद जरा अधिकच कळला. पण न गाता येणाऱ्या एका पुरुषाला लाज वाटू नये म्हणून ही वस्तू निर्माण झाली, ही गोष्ट मात्र मी मनात जपून ठेवली आहे.

पहिले गाणे मी साकामोतो क्यू यांचे ‘उए ओ मुइते आरुको’ निवडले. १९६१ सालचे हे गाणे जपानात शाळकरी मुलापासून आजीपर्यंत सर्वांना येते. ‘सुकियाकी’ अशा भलत्याच, एका खाद्यपदार्थाच्या नावाने ते अमेरिकेत गेले आणि १९६३ च्या जूनमध्ये तेथील बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. शब्द एई रोकुसुके यांचे आणि चाल नाकामुरा हाचिदाई यांची. डोळ्यांतले पाणी खाली सांडू नये म्हणून मान वर करून चालू या, एवढाच त्याचा आशय. मूळ पट्टीत मला शेवटची ओळ ताणावी लागत होती. मी बटण एकदा दाबले, पुन्हा दाबले, आणि दोन पायऱ्या खाली आल्यावर काहीतरी विचित्र घडले: घसा आवळेनासा झाला. आवाज तोच, माझाच भसाडा, पण तो आता सुरावर बसत होता. मी ते गाणे त्या सकाळी सात वेळा म्हटले. मधल्या शिट्टीच्या जागी मला शिट्टीही वाजवता आली नाही, पण त्याने काही बिघडले नाही.

ते इतक्या लवकर गळ्यात बसण्याचे कारण मला घरी गेल्यावर कळले. दूरध्वनीवरून आत्याला चाल गुणगुणून दाखवली, तर ती पलीकडून म्हणाली, ‘अरे, हा तर बराचसा भूप आहे!’ तिचे बरोबर होते. जपानी लोकप्रिय गाण्यांत फार खोल रुजलेले एक सप्तक आहे आणि त्याचे नाव ‘योनानुकी’. यो म्हणजे चौथा, ना म्हणजे सातवा आणि नुकी म्हणजे वगळलेला. मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरले सा, रे, ग, प, ध. भूपात नेमके हेच स्वर लागतात. साकामोतोंच्या गाण्यात मधल्या कडव्यात चाल त्याबाहेर पाऊल टाकते आणि भूप म्हणजे काय व देशकार म्हणजे काय हा वाद घालणारी मंडळी मला माफ करणार नाहीत, पण ज्याच्या कानावर लहानपणापासून भूपाळ्या पडल्या आहेत त्याला हे सूर परके नाहीत, एवढे खरे. अर्धे सूर जवळजवळ नसल्यामुळे घसरायला जागाही कमी असते. तेव्हापासून मी नवे गाणे घेताना पहिल्या दोन ओळी गुणगुणून पाहतो. त्या भूपात बसत असतील तर निम्मे काम झाले असे समजतो.

सूर थोडेफार जमू लागले तरी शब्द मागे पडत होते, आणि हे दुखणे मला अनपेक्षित होते. जपानी गाणी मी वहीत देवनागरीत उतरवून घेत असे. ते सोयीचेही होते, कारण जपानी वर्णमालेचा अ-इ-उ-ए-ओ आणि का-सा-ता-ना हा क्रम बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे, आणि रोमन लिपीपेक्षा आपल्या लिपीत तो उच्चार कितीतरी नेमका बसतो. तरीही प्रत्येक ओळीत मी यंत्राच्या पुढे धावत होतो. पडद्यावर शब्द पांढऱ्या अक्षरांत उमटतात, अवघड चिनी चिन्हांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो आणि गाणे पुढे जाईल तसा त्यांचा रंग बदलत जातो. माझी ओळ संपलेली असे आणि रंग अजून दोन अक्षरे मागे असे. दोष माझ्या अनुस्वारात होता. मराठीत ‘शिंबुन’ हे दोन अक्षरांत संपते, कारण आपण अनुस्वार मागच्या अक्षराला चिकटवतो आणि शेवटचा न पायमोडका करतो. जपानीत वर्तमानपत्राला असलेला हा शब्द चार मात्रांचा आहे: शि, न्, बु, न्. न् ला त्याची स्वतंत्र मात्रा मिळते आणि जुन्या गाण्यांत पुष्कळदा स्वतंत्र सूरही मिळतो. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा आणि जोडाक्षराआधी जे क्षणभर थांबणे असते त्याचीही एक मात्रा. मी वही उघडून प्रत्येक न् वर लाल टिंब दिले आणि मांडीवर बोटाने मात्रा मोजत म्हटले. तीन शनिवारांनंतर रंग आणि मी एकत्र चालू लागलो. नुसते एवढे केल्यानेही गाणे अर्धे सुधारते, कारण सूर थोडा हलला तर ऐकणाऱ्याच्या लक्षात येईलच असे नाही, ठेका सुटला तर ते सर्वांना कळते.

एकदा धीर करून गुण देणारी सोय चालू केली. पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकतात. पट्टीच्या उंचीवर तुमचा सूर लागला तर ती रंगते, नाही तर तुमची रेघ वर किंवा खाली भरकटताना दिसते. शेवटी शंभरपैकी गुण मिळतात आणि शिवाय कंप किती वेळा, ‘कोबुशी’ म्हणजे आपल्याकडच्या मुरकीसारखी हरकत किती, ‘शाकुरी’ किती याची मोजणी येते. शाकुरी म्हणजे खालून सुरावर चढत जाणे, साधारण मींडेच्या वळणाचे. माझे गुण बेताचेच होते, पण शाकुरीची संख्या पाहून मी थक्क झालो. मातब्बर गायकाला शोभेल अशी होती. सहकाऱ्याला सांगितले तर तो पोट धरून हसला. ज्याला सूर कोठे आहे हे ठाऊक नसते, तो दर वेळी खालून चाचपडत वर जातो आणि यंत्र बिचारे त्यालाच कलाकुसर समजते. मी ती सोय बंद केली. एकट्याने सराव करताना पट्ट्या पाहणे उपयोगी आहे, पण गुण पाहणे माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

मग मला वाटू लागले की संथ गाणी आपल्यासाठी बरी. हाही भ्रमच निघाला. फुकुयामा मासाहारू यांचा आवाज खालचा, खर्जाकडे झुकणारा आहे, म्हणून त्यांचे २००० सालचे ‘साकुराझाका’ घेतले. वरचा सूर जवळजवळ अडला नाही. मात्र या गाण्यात ओळी लांब आहेत आणि प्रत्येक ओळीच्या टोकाचा सूर धरून ठेवावा लागतो. मला तो धरता येईना, मेणबत्ती विझताना थरथरते तसा माझा आवाज शेवटी थरथरे. संथ गाण्यात लपायला जागा नसते. भरधाव गाण्यात निदान पुढचा शब्द येऊन मागच्याची चूक झाकतो. साकुराझाका ही टोकियोत ओता भागात, नुमाबे स्थानकाजवळ, दुतर्फा चेरीची झाडे असलेली खरीखुरी चढण आहे. एका रविवारी मी तेथे जाऊन आलो. चढणीवरून जाणाऱ्या छोट्या तांबड्या पुलावर उभे राहून, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, श्वास कोठे घ्यायचा याच्या खुणा वहीत केल्या. एक शाळकरी मुलगी सायकल हातात धरून चढ चढताना माझ्याकडे पाहत गेली. खुणा मात्र आजही उपयोगी पडतात: ओळ सुरू होण्याआधी पोटातून श्वास घ्यायचा, मधल्या स्वल्पविरामावर थोडासा चोरायचा आणि टोकाचा सूर दमेपर्यंत न ओढता वेळेवर सोडून द्यायचा.

स्पिट्झ या वाद्यवृंदाच्या १९९६ सालच्या ‘चेरी’बद्दल सर्व जण एकमुखाने सांगत होते की ते नवशिक्याने घ्यावे. चाल सरळ, शब्द साधे, ध्रुवपद सर्वांना पाठ, हे सगळे खरे आहे. पण गायक कुसानो मासामुने यांचा आवाज निसर्गतःच उंच आहे आणि मूळ पट्टीत ते गाणे म्हणणे मला जन्मात शक्य नाही. ज्या गाण्याला सगळे ‘सोपे’ म्हणतात ते कोणत्या गळ्याला सोपे, हे कोणी सांगत नाही. चार पायऱ्या खाली आणल्यावर ते माझ्या ओळखीचे झाले. गाणे सुरू झाल्यावर सर्वांसमोर पट्टी बदलायला लाज वाटते, म्हणून गाणे नोंदवतानाच ती खाली करून ठेवायची, ही युक्तीही याच गाण्याने शिकवली. कचेरीतल्या सहकाऱ्यांपैकी कित्येक पुरुष हे नेहमी करतात, हे मला तोवर दिसलेच नव्हते.

विभागप्रमुखांच्या पिढीसाठी मी एक गाणे मुद्दाम तयार केले: सेन मासाओ यांचे १९७७ सालचे ‘कितागुनि नो हारू’, म्हणजे उत्तरेकडच्या मुलखातला वसंत. शहरात राहणाऱ्या मुलाला आईकडून पार्सल येते आणि गावी परतावे का, असे त्याच्या मनात येते. माझ्या आईच्या हातचे मेतकूट आणि भाजणी डब्यांत भरून विमानाने येते, त्यामुळे हा आशय मला समजावून घ्यावा लागला नाही. एंदो मिनोरू यांची चाल शुद्ध योनानुकीची आहे आणि तीन कडवी एकाच चालीत आहेत. एक कडवे बसले की तिन्ही बसतात. माझ्या पिढीच्या जपानी मित्रांना ते म्हाताऱ्यांचे गाणे वाटते. मला विचाराल तर न गाणाऱ्या माणसाने तेथूनच सुरुवात करावी, कारण त्या काळातल्या चाली माणसांना एकत्र गाता याव्यात अशा बेतानेच बांधलेल्या दिसतात. आजच्या गाण्यांतली बरीच एका विशिष्ट गळ्याचे सामर्थ्य दाखवण्यासाठी असतात.

शेवटचे गाणे मी पाठ केले नाही, ते आपोआप आले. ‘द ब्लू हार्ट्‌स’ यांचे १९८७ सालचे ‘लिंदा लिंदा’. गटारातल्या उंदरासारखे सुंदर व्हावे, अशी त्यात सुरुवातीला शांतपणे व्यक्त केलेली इच्छा आहे, आणि मग अचानक ढोल बडवल्यासारखे होऊन तेच दोन शब्द ओरडत उड्या मारायच्या असतात. त्यात पट्टी नाही असे मी म्हणणार नाही, पण ती विचारायला कोणी शुद्धीवर नसते. मी पहिल्यांदा एकट्याने ते म्हटले तेव्हा एकदम ओळख पटली: ही तर आरती!

दुसऱ्या वर्षीच्या बोनेनकाईला आम्ही अकरा जण होतो. निजिकाईची खोली शिंबाशीतल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होती. मी आधीच ठरवून ठेवले होते की तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला गायचे. पहिल्याला लोक अजून ऐकत असतात आणि दहाव्यापर्यंत वाट पाहिली तर हात गार पडतात. कितागुनि नो हारू नोंदवले, दोन पायऱ्या खाली. सुरावट वाजली आणि विभागप्रमुखांनी हातातला पेला खाली ठेवला. ध्वनिक्षेपकाची जाळी मुठीत धरायची नाही, कारण मग कर्कश शिटी वाजते, आणि तो ओठांपासून दोन बोटांवर ठेवायचा, एवढे दोनच नियम मी मनात म्हणत होतो. पहिल्या कडव्यात एक मात्रा हुकली. दुसऱ्या कडव्यात प्रमुखांनी दुसरा ध्वनिक्षेपक उचलला. तिसऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, कारण पन्नाशीपुढचे तिघेही गात होते. गाणे संपल्यावर प्रमुख म्हणाले, ‘हे तुझे ओहाको आहे का?’ ओहाको म्हणजे ज्याचे त्याचे हातखंडा गाणे. तो शब्द ‘अठरा’ या आकड्याने लिहितात आणि काबुकीतल्या इचिकावा दानजुरो घराण्याच्या अठरा नाटकांशी त्याचा संबंध सांगतात. मी म्हटले, ‘माझ्याकडे अठरा नाहीत, चारच आहेत.’

त्यानंतर आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाने कोनायुकी लावले. ध्रुवपदात त्याचा आवाज नेमका माझा फुटला होता त्याच जागी फुटला. मी ते ऐकले, कारण ती जागा मला ठाऊक होती. बाकी कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. दोघे देनमोकुत डोके घालून स्वतःचे गाणे शोधत होते, एक जण तळलेल्या कोंबडीवर लिंबू पिळत होता आणि डफली वाजवणारी मुलगी डफली वाजवत होती. गेल्या वर्षीही हेच चालले असणार. भिंतीवरचा दूरध्वनी वाजला. दहा मिनिटे उरली आहेत हे सांगायला काउंटरवरून तो येतो. प्रमुखांनी सर्वांकडे पाहिले आणि अर्धा तास वाढवून घेतला.

शनिवारची सकाळ मी अजून सोडलेली नाही. गेल्या महिन्यात कोनायुकी पुन्हा काढून पाहिले, पाच पायऱ्या खाली. ध्रुवपद हाताशी आले, पण कडवे इतके खोल गेले की ध्वनिक्षेपकातून नुसता श्वास ऐकू येत होता. गाणे मध्येच थांबवण्याचे बटण देनमोकुवर खालच्या बाजूला असते. ते दाबले आणि साकामोतोंचे गाणे लावले.